घरकारभार : चौथी बाजू

घरांतील जुनी वस्तु काढून नवी करावयाची झाली म्हणजे आपण खर्चाचा विचार आधीं करतों. जुनी गेली व नवी अद्याप आली नाहीं, अशा मधल्या दिवसांचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. त्यासंबंधींचा आमचा एक अनुभव वाचकांपुढें ठेवावासा वाटतो.

गेल्या वर्षीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत आमच्या पुतण्याकडे दीड महिना राहण्याचा योग आला. तिकडे पुष्कळ घरांमागें पोहण्याचा लहानसा तलाव असतो. डांस व पालापाचोळा दूर राहावा म्हणून त्यावर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यास बारीक जाळी ताणून मोठा मांडव केलेला असतो. पुतण्याच्या घरचा मांडव फार जुना झाला होता. जाळी उन्हानें ठिसूळ झाली होती, सांध्यांचे स्क्रू दमट हवेनें गंजले होते. २०२२ च्या सप्टेंबरांत ‘इयन’ वादळानें त्या राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर असे कित्येक मांडव लोळविले होते. तेव्हां नवा मांडव वाऱ्याचा हिशेब करून व रीतसर परवाना काढूनच बांधावयाचा, असें ठरलें.

कंत्राटदारानें एका सकाळीं जुना मांडव उतरविला व आठ दिवसांचा वायदा करून तो गेला. परत आला तो तीन आठवड्यांनीं.

दुसऱ्याच दिवशींची गोष्ट. घर माणसांनीं भरलेलें. पुतण्या व सूनबाई आपापल्या कामांत, वहिनी स्वयंपाकघरांत, आम्ही वाचीत बसलेलों. तीन वर्षांचा नातू दुसऱ्या कोणाजवळ तरी आहे, अशी प्रत्येकाची समजूत! वहिनींचें सहज मागील दाराकडे लक्ष गेलें. दार किलकिलें होतें आणि बाळ तलावाच्या कांठावर उकिडवा बसून कागदाची होडी पाण्यांत सोडीत होता. वहिनी ओरडल्या नाहींत. हलक्या पावलांनीं गेल्या व त्यांनीं त्याला उचलून घेतलें. मग मात्र त्यांचे हातपाय कांपूं लागले.

आम्हीं प्रथम कंत्राटदारास दोष दिला. परंतु शांतपणें पाहतां दिसून आलें कीं, मांडव उभा होता तेव्हांहि जाळी तीनच बाजूंस होती. चौथी बाजू म्हणजे घराचें दार! शेजारचें मूल जाळीनें अडलें असतें. घरचें मूल कधींच अडलें नसतें. तेथील कायद्यानें १ ऑक्टोबर २००० पासूनच्या नव्या घरगुती तलावांस एखादें तरी संरक्षण सक्तीचें केलें आहे : चार फूट उंचीचें कुंपण, पक्कें आच्छादन, दारास घंटा, किंवा आपोआप मिटणारें व ५४ इंचांहून खालीं कडी नसलेलें दार. हा तलाव त्यापूर्वींचा. म्हणून दार तसेंच राहून गेलें होतें.

त्याच सायंकाळीं पुतण्यानें दारास उंच कडी बसविली व तलावाभोंवतीं तात्पुरतें कुंपण घातलें. वहिनींनीं आणखी एक नियम केला : बाळाकडे कोणत्या वेळीं कोणीं पाहावयाचें, तें नांव घेऊन सांगावयाचें.

आपल्याकडे तलाव नसले तरी विहिरी आहेत, हौद आहेत, आणि दुरुस्तीसाठीं कठडे उतरविलेहि जातात. बुडणारें मूल बहुधा हाक मारीत नाहीं. भरल्या घरांत ‘सगळ्यांचें लक्ष आहे’ याचा अर्थ पुष्कळदां कोणाचेंच नाहीं, असा होतो. म्हणून कठडा उतरविण्यापूर्वीं आडोसा उभा करावा, आणि मग गवंड्यास हाक मारावी.