अडाणची माती, समुद्राचा तळ

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडहून कुठल्याही दिशेला निघालं, तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची जहाजं समुद्रात काय शोधतात, याच्याशी इथल्या सोयाबीन-तूर पिकवणाऱ्या माणसाचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे, आणि तो थेट त्याच्या वावरातल्या मातीचा आहे.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की तालुक्यातले नाले पाहावेत. बांध फोडून उतरलेलं गढूळ पाणी काळी माती घेऊन अडाण नदीकडे धावत असतं. अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि गोदावरीतून सगळं बंगालच्या उपसागरात जातं. याच वाशिम जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा मात्र उत्तरेला वळते आणि पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. एका जिल्ह्याची माती अशी दोन समुद्रांत जाऊन बसते.

ती तिथे थरावर थर साचत राहते, म्हणून वाचताही येते. लांब पोकळ नळी तळाच्या चिखलात खुपसायची, आत भरलेला गाळ जसाच्या तसा वर आणायचा, मग तो उभा चिरून दोन भाग करायचे. एक भाग जपून ठेवतात, दुसऱ्यातून थोड्याथोड्या अंतरावर नमुने काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक कुंचल्याच्या टोकाने वाळूच्या कणाएवढे शिंपले वेचले जातात. त्यांतल्या कार्बनवरून थराचं वय कळतं. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पूर्वेकडचे खडक त्याहून कितीतरी जुने. दोघांची रासायनिक खूण वेगळी, त्यामुळे गाळ कुठून आला हेही ओळखता येतं.

गोदावरीच्या मुखासमोरच्या अशाच एका नमुन्यावरचं संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे लिव्हिऊ जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून मध्य भारतातल्या धुपीचा हजारो वर्षांचा इतिहास मांडला. पाऊस कमी झाला की धूपही कमी होईल, असं आपण धरून चालतो. गाळ उलट सांगतो. मोसमी पाऊस मंदावला, झाडोरा विरळ झाला आणि उघड्या जमिनीवरून पूर्वीपेक्षा जास्त माती वाहून गेली. पुढे दख्खनच्या पठारावर शेती पसरली, तेव्हा धूप आणखी वाढली. वाशिमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यासाठी यापेक्षा महत्त्वाचा निष्कर्ष कोणता असेल? तरीही तो इथल्या शेतकऱ्यापर्यंत मराठीतून, त्याच्या भाषेत पोहोचलेला नाही.

आपल्याकडे समुद्रतळ शोधणाऱ्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना 1851 ची. त्याचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला आले ते प्रामुख्याने कोळशासाठी. समुद्रातलं काम खऱ्या अर्थाने वाढलं ते 1983 मध्ये ‘समुद्र मंथन’ हे जहाज आल्यावर. 2013 मध्ये कोरियात बांधलेलं अद्ययावत ‘समुद्र रत्नाकर’ ताफ्यात आलं. सागरी विभागाचं मुख्यालय मंगळुरूला आहे. 2017 मध्ये या विभागाने दहा हजार दशलक्ष टनांहून अधिक चुनखडीयुक्त चिखल सापडल्याचं जाहीर केलं. किनाऱ्याजवळची वाळू आणि खोल पाण्यातले धातूंचे गोटे यांचाही शोध चालू आहे. काम मोठं आहे आणि ते करणाऱ्या शास्त्रज्ञांचं कौतुक व्हायलाच हवं.

पण या कामाचा उपयोग कशासाठी? 28 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने समुद्रातल्या खनिजांच्या 13 पट्ट्यांचा पहिला लिलाव पुकारला. गुजरातजवळचा चुनखडीयुक्त चिखल, केरळजवळची बांधकामाची वाळू, ग्रेट निकोबारजवळचे धातूंचे गोटे आणि थर. केरळातल्या कोल्लमचे मच्छीमार याविरोधात रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं रास्त आहे. ज्या तळावर मासळी वाढते, तो उपसला तर काय होईल, याचा अभ्यास लिलावाआधी लोकांसमोर यायला हवा होता. रत्नागिरीजवळ काळबादेवी-मिऱ्याच्या पट्ट्यात इल्मेनाइट या खनिजाची काळी वाळू आहे, हे भूवैज्ञानिकांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. तिथल्या कोळ्यांनी केरळकडे लक्ष ठेवावं.

समुद्रतळाची मोजदाद फक्त टनांत होत राहिली, तर निम्मं ज्ञान जहाजावरच राहील. त्याच चिखलात मराठवाडा-वऱ्हाडाच्या पावसाची आणि मातीची नोंद आहे. ती वाचणं हेही सर्वेक्षणाचं काम आहे, खनिजांइतकंच तातडीचं. राज्यात 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. धरणातला गाळ शेतात पसरणं चांगलंच. पण तो कोणत्या उतारावरून, किती वेगाने येतो हे ठाऊक नसेल, तर काही वर्षांनी पुन्हा तोच गाळ उपसावा लागेल. धरणं झाल्यानंतर बरीचशी माती समुद्रापर्यंत पोहोचतच नाही, अडाणसारख्या जलाशयांतच बसते. म्हणजे जलाशयाचा तळही समुद्राच्या तळासारखाच वाचायला हवा.

त्यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपुरात आहे आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोही नागपुरातच. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. या तिन्ही संस्थांनी मिळून अडाणच्या खोऱ्यापासून गोदावरीच्या मुखापर्यंतच्या मातीचा एक सलग अभ्यास करावा आणि त्याचा अहवाल मराठीत छापावा. कारंज्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी. तोवर इथल्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना थांबायचं कारण नाही: सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर भूवैज्ञानिक नकाशे आहेत. आपल्या तालुक्याचा नकाशा विद्यार्थ्यांसमोर उघडावा आणि पावसाळा लागण्याआधी त्यांना अडाणच्या काठावर घेऊन जावं.