तोंडओळख आणि किल्ली

केवळ चेहरा दाखवून मोबाईल फोनचे कुलूप उघडण्याचा प्रघात आता घरोघर पडत आहे. या सोयीस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु तिची मर्यादा विद्यार्थ्यांस व पालकांस ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

सन २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आयफोन टेनमध्ये ‘फेस आयडी’ ही युक्ती आणिली. तो फोन चेहऱ्यावर अदृश्य किरणांचे ३०,००० हून अधिक ठिपके पाडून त्याची ठेवण मोजतो. परक्याच्या चेहऱ्याने तो उघडण्याचा संभव १०,००,००० त १ इतका अल्प, असे कंपनी म्हणते. मात्र जुळी वा सारख्या तोंडवळ्याची भावंडे आणि १३ वर्षांखालील मुले यांच्या बाबतीत तो संभव वाढतो, हेही तीच सांगते. साध्या कॅमेऱ्याने चेहरा पाहणारे काही फोन तर छायाचित्रासही फसले आहेत.

सांकेतिक अंक उघडकीस आला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही, आणि तो सदा चारचौघांत उघडाच असतो. म्हणून लहान मुलांच्या फोनास अंकांचेच कुलूप असावे, असे आमचे मत आहे. नुसत्या तोंडओळखीवर आपण कोणास घराची किल्ली देत नाही. मग फोनाची तरी का द्यावी?