एका विधेयकाचे चार पावसाळे

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारे विधेयक ऑगस्ट २०१५ मध्ये लोकसभेत मांडले गेले, परंतु नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटण्यास ९ ऑगस्ट २०१९ उजाडला. स्थायी समितीने, म्हणजे दोन्ही सभागृहांतील सदस्यांच्या छाननी मंडळाने, २०१६ मध्ये अहवाल दिल्यानंतर सरकारने जानेवारी २०१८ मध्ये नवे विधेयक आणले. ते डिसेंबरमध्ये लोकसभेत संमतही झाले, मात्र राज्यसभेत प्रलंबित असतानाच लोकसभा विसर्जित झाल्याने राज्यघटनेच्या १०७ व्या अनुच्छेदानुसार व्यपगत, म्हणजे आपोआप रद्दबातल, ठरले. (गंमत अशी की, राज्यसभेतच मांडलेले आणि लोकसभेपर्यंत न पोहोचलेले विधेयक याच अनुच्छेदामुळे तगून राहते.) जुलै २०१९ मध्ये पुन्हा मांडलेले विधेयक ६ ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार पडले. या साऱ्या विलंबाला निव्वळ दिरंगाई म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींतील नामवंतांना कारावासही व्हावा, ही सूचना समितीच्या छाननीतूनच पुढे आली होती. अंतिम कायद्यात त्यांच्यासाठी दंड आणि काही काळाची जाहिरातबंदी तेवढी उरली.