पाटी मराठीत, दार इंग्रजीत

"इंग्रजी नाव आहे ना? मग दुसरे कशाला?" हा प्रश्न मला यंदा इतक्या सुशिक्षितांनी विचारला की, त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे म्हणतो.

हकीकत अशी. कळमन्यातल्या आम्ही काही मास्तरांनी मुलांसाठी पुस्तकांच्या देवघेवीचे एक वेबॲप चालवले आहे. ते कोणा कंपनीच्या आश्रयाला नाही. शाळेतल्या जुन्या संगणकावरच चालते. त्याचे डोमेन रोमन अक्षरांतले. त्याच ॲपला '.भारत'ने संपणारे देवनागरी नावही जोडावे, असे मी सुचवले आणि सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

आता मला सांगा, 'कळमना' रोमन अक्षरांत लिहायचे कसे? त्या लिपीत 'ळ' नाही. 'ळ'पुढे कोणी 'ए' घालतो, कोणी 'यू', कोणी काहीच नाही. बाजार समितीच्या आवारात संत्र्यांच्या पेट्या वाहणाऱ्या हमालाच्या पोराने यांतला कोणता पत्ता खरा मानावा? मराठी अक्षरे तो मोबाइलवर बिनचूक उमटवतो.

खटाटोप फार, म्हणतात. कसला? नव्या नावाच्या डीएनएस नोंदीत त्याच संगणकाकडे नेणारा सार्वजनिक आयपी पत्ता लिहायचा. हे नावही आपलेच, असे वेबसर्व्हरला आणि ॲपला सांगायचे. टीएलएस प्रमाणपत्रात दोन्ही नावे घ्यायची. 'लेट्स एन्क्रिप्ट' असे प्रमाणपत्र फुकट देते, देवनागरी नावांनाही २०१६ पासून देते. ॲप तेच, पुस्तके तीच. नावाचे वार्षिक शुल्क तेवढे वाढते.

दुसरा आक्षेप पंडिती आहे. डीएनएसच्या पोटात '.भारत'चेही रोमन रूपच होते, 'एक्सएन--एच२बीआरजे९सी'. मग देवनागरीचा हट्ट का? अहो, ते रूप यंत्रासाठी! नावे आली तीच मुळी माणसाला आकडे पाठ करावे लागू नयेत म्हणून. यंत्राची सोय पाहून माणसाचे नाव ठरवायचे, हा न्याय उलटा झाला.

काही ठिकाणच्या अर्जांत देवनागरी पत्ता अजून स्वीकारला जात नाही, हे मात्र खरे. म्हणून रोमन नाव टाकून द्या, असे मी म्हणत नाही.

शेवटी एका जाणत्या गृहस्थांनी तडजोड काढली: देवनागरी पत्ता घ्या, पण तो उघडताच वाचकाला रोमन पत्त्यावर वळवा. त्यांचे कारण खोटे नव्हते. दोन्ही नावे स्वतंत्र चालू ठेवली, तर एका नावावर केलेले लॉगिन दुसऱ्या नावाला सहसा ओळखू येत नाही, आणि शोधयंत्रांपुढेही एकच पान दोन पत्त्यांनी उभे राहते. मुख्य नाव एकच असावे, हे मला मान्य आहे. पण मुख्य कोणते, हा निर्णय यंत्राने दिलेला नाही. तो त्या गृहस्थांनी न विचारताच देऊन टाकला! मराठी नावाने आलेल्या पोराला इंग्रजी नावाच्या दारातून आत घ्यायचे, याला मी तडजोड म्हणणार नाही.

'.भारत'ची दारे ऑगस्ट २०१४ मध्ये उघडली, आणि मराठीला त्यात जागा आहे. ती रिकामी ठेवण्याचा दोष कोणा साहेबाच्या माथी मारता येणार नाही.

आमच्या ॲपचे मुख्य नाव आता देवनागरी आहे. रोमन पत्त्याने येणाऱ्याचेही स्वागत आहे; फक्त त्याला आम्ही मराठी दाराकडे वळवतो.