मदत देणाऱ्याचं फाटक

भारत परदेशांना विकासासाठी पैसा देतो, हा आपल्याकडे निवडणुकीत कधी विषय होत नाही. रस्ता, पाणी, हमीभाव यांवर सभा गाजतात. मोझांबिकशी झालेल्या करारावर कोण बोलणार? पण हा पैसा आपल्या तिजोरीतून जातो, आणि त्यातले काही निर्णय लातूरच्या आडत बाजारात नि यवतमाळच्या जिनिंगच्या दारात जाणवतात. दुसऱ्या देशाचा व्यापार वाढावा म्हणून द्यायच्या मदतीबद्दल हे काही मुद्दे.

१. या मदतीला जागतिक मान्यता मिळाली ती डिसेंबर २००५ मध्ये, जागतिक व्यापार संघटनेच्या हाँगकाँग परिषदेत. तोवर गरीब देशांना जकातीत सवलती मिळत होत्या, पण त्यांचा उपयोग करता येत नव्हता. मालाला बंदरापर्यंत रस्ता नाही, साठवायला गोदाम नाही, कीडनाशकाचा अंश तपासायला प्रयोगशाळा नाही, सीमेवर ट्रक दिवसेंदिवस उभा. श्रीमंत देशांनी या उणिवा भरून काढायला पैसा द्यावा, असं ठरलं. त्यातला मोठा वाटा तेव्हापासून रस्ते, बंदरं आणि विजेवर खर्च होत आला आहे.

कल्पना चुकीची नव्हती. ब्रिटनच्या पुढाकाराने २०१० मध्ये नैरोबीत 'ट्रेडमार्क ईस्ट आफ्रिका' ही संस्था उभी राहिली. तिने केनिया-युगांडा सीमेवर बुसियासारखी ठाणी बांधली. पूर्वी ट्रकला दोनदा थांबावं लागे, एकदा एका देशाच्या कचेरीत आणि मग दुसऱ्याच्या. आता दोन्ही देशांचे अधिकारी एका छपराखाली बसतात. काम साधंच आहे, फोटोत फारसं दिसत नाही, पण मालवाहतूकदाराला त्याची किंमत कळते.

२. भारतानेही शेजारी हेच केलं. रक्सौलपलीकडे वीरगंजला आणि जोगबनीपलीकडे विराटनगरला नेपाळच्या बाजूची एकात्मिक तपासणी ठाणी भारताच्या अनुदानातून झाली. पहिलं २०१८ मध्ये सुरू झालं, दुसरं २०२० मध्ये. मात्र वीरगंजचं ठाणं सुरू होण्याआधी, २०१५ च्या सप्टेंबरपासून पुढे काही महिने, याच वाटेवर ट्रक अडकून पडले होते. नेपाळ म्हणे, भारताने नाकेबंदी केली. भारत म्हणे, मधेशी आंदोलक वाट अडवून बसलेत. खरं-खोटं काहीही असो, काठमांडूत गॅस आणि औषधांचे वांधे झाले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या देखण्या इमारतीकडे नेपाळी व्यापारी कोणत्या नजरेने पाहत असेल? त्याचं आलं आणि चहा भारतीय तपासणीच्या नियमांपायी सीमेवर थांबतात, ही तक्रार जुनीच आहे.

बांगलादेशची गोष्ट ताजी. रेल्वे, रस्ते आणि बंदरांसाठी भारताने त्याला अब्जावधी डॉलरची कर्जमर्यादा दिली. आखौरा-आगरतळा रेल्वे भारताच्या अनुदानातून २०२३ मध्ये जोडली गेली. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची जमिनीवरची वाट बंद केली. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांना सगळी भू-बंदरं बंद केली आणि फक्त न्हावा शेवा व कोलकाता ही दोन बंदरं ठेवली. दोष दोन्हीकडे आहे. पण ज्या वाटा आपल्याच पैशाने बांधल्या, त्या एका अधिसूचनेने ओस पाडता येतात, एवढं त्यातून दिसलं.

३. आता तूर. मला सांगायचं आहे ते इथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं, म्हणून जरा सविस्तर.

२०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली, हे विसरलेलं घर महाराष्ट्रात नसेल. सरकारची तारांबळ उडाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान मापुतोला गेले आणि मोझांबिकशी करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टन डाळवर्गीय माल, पुढे वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टन, असं त्याचं स्वरूप. उत्तर मोझांबिकमध्ये, नांपुला आणि झांबेझिया प्रांतांत, छोटे शेतकरी मक्यात तूर घेतात. ती त्यांच्या रोजच्या ताटातली नव्हे. पिकते ती मुख्यतः भारतासाठी आणि नकाला बंदरातून निघते. आपल्या व्यापाऱ्यांना ती 'गजरी' म्हणून माहीत आहे, जशी म्यानमारची 'लेमन'.

या व्यवहाराची एक बाजू फार सोयीची आहे. तिकडची काढणी जुलै ते सप्टेंबर. माल आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, म्हणजे आपली जुनी तूर संपत आलेली आणि नवी डिसेंबरनंतर यायची, अशा मधल्या फटीत. नीट हाताळलं तर लातूरचा शेतकरी आणि नांपुलाचा शेतकरी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

नीट हाताळलं गेलं नाही. २०१६ ला पाऊस चांगला झाला, भावाच्या आशेने पेरा वाढला आणि २०१७ च्या सुरुवातीला तुरीचा पूर आला. हमीभाव ५,०५० रुपये असताना बाजार समित्यांत भाव बराच खाली गेला. नाफेडच्या केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि बारदाना संपला. मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने तुरीची आयात वर्षाला दोन लाख टनांपुरती मर्यादित केली. सरकारी करारातला माल यातून वगळला होता, हे सांगायला हवं. पण करारापलीकडे खासगी व्यापारातून येणारा माल मोठा होता आणि त्याच्यापुढे फाटक बंद झालं. तेही केव्हा? मोझांबिकच्या शेतकऱ्याची तूर खळ्यावर होती तेव्हा. करार झाल्यानंतरच्या हंगामात त्याने भारताच्या भरवशावर पेरा केला होता. तिकडे भाव कोसळले.

पुढे मे २०२१ मध्ये तूर पुन्हा खुली झाली आणि ती मुदत वर्षामागून वर्ष वाढवली गेली. आता उलटी बाजू: २०२५ मध्ये आपल्याकडच्या कित्येक बाजार समित्यांत तूर हमीभावाखाली विकली गेली आणि शेतकऱ्याने बोट दाखवलं ते बंदरावर उतरणाऱ्या गजरी-लेमनकडे. त्याची तक्रार रास्त आहे. मात्र त्याला आणि मोझांबिकच्या शेतकऱ्याला छळणारी गोष्ट एकच आहे: पेरताना एक धोरण, विकताना दुसरं.

४. कापसात हा खेळ जुना आहे आणि त्यात मोठे खेळाडू आहेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणं मांडलं की अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतकं अनुदान देते की जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो. कान्कूनची परिषद त्या वर्षी फिसकटली, त्यात कापसाचाही वाटा होता. अमेरिकेने अनुदान फारसं हलवलं नाही. उलट या चार देशांतला कापूस सुधारावा म्हणून मदतीचा कार्यक्रम सुरू केला. भाव पाडायचा आणि वर बियाण्याचं प्रशिक्षण द्यायचं. ब्राझील मात्र भांडला आणि जिंकला. तेव्हा अमेरिकेने अनुदान बंद करण्याऐवजी २०१० च्या तडजोडीत ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देणं पसंत केलं. ब्राझीलपाशी प्रतिकार करायची ताकद होती म्हणून त्याला रोख पैसे मिळाले. मालीच्या वाट्याला कार्यशाळा आली.

भारत यात कुठे? २०१२ पासून भारताने या चार देशांसह युगांडा, मलावी आणि नायजेरियासाठी कापूस तंत्रसाहाय्याचा कार्यक्रम चालवला. माटुंग्याची सिरकॉट, म्हणजे १९२४ साली स्थापन झालेली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, आणि नागपूरची कापूस संशोधन संस्था या ज्ञानाची आपली घरं. जिनिंग कसं सुधारायचं, सरकी आणि पऱ्हाटीपासून काय बनवायचं, हे आपल्याला येतं आणि ते आफ्रिकेला उपयोगी आहे. ज्या देशाचा जवळजवळ सगळा कापूस रुईच्या गाठी बनून परदेशी जातो, त्याला असं ज्ञान फोटोसाठी उभ्या केलेल्या सभागृहापेक्षा जास्त कामाचं. हा कार्यक्रम आपल्या परदेशी मदतीतला मला सर्वांत आवडलेला भाग आहे, आणि त्याच्यावर होणारा खर्च किरकोळ असावा, याचं नवल वाटत नाही.

पण फाटकाचं काय? एप्रिल २००८ मध्ये दिल्लीच्या भारत-आफ्रिका परिषदेत मनमोहन सिंग यांनी सर्वांत अविकसित देशांसाठी जकातसवलत जाहीर केली, त्यात कापूस आणि काजूची नावं होती. २०१४ मध्ये ही सवलत सुमारे ९८ टक्के जकातशीर्षांपर्यंत वाढवली. हे श्रेय भारताला द्यायलाच हवं. आता पुढचं बघा. २०२१ मध्ये आपण कापूस आयातीवर एकूण ११ टक्के शुल्क लावलं. मालीच्या कापसाला ते लागू नव्हतं, म्हणजे अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या मालापुढे त्याला थोडा वाव मिळाला. १९ ऑगस्ट २०२५ पासून वस्त्रोद्योगासाठी हे शुल्क सगळ्यांनाच माफ झालं आणि मुदत वाढत डिसेंबरअखेर गेली. मालीच्या सवलतीला त्या महिन्यांत अर्थ उरला नाही. इकडे यवतमाळ-अकोल्यात नवा कापूस घरात येण्याच्या तोंडावर भाव दबला. एका अधिसूचनेने दोन खंडांतले कापूस उत्पादक एकदम हरले. सूतगिरण्यांची अडचण खोटी नव्हती, अमेरिकेच्या आयातशुल्काचा फटका बसला होता. मला आक्षेप आहे तो असा निर्णय हंगामाच्या उंबरठ्यावर घेण्याला.

५. मदतीला जोडलेल्या अटींबद्दल थोडक्यात. मुंबईच्या कफ परेडमधल्या एक्झिम बँकेमार्फत भारत जी सवलतीची कर्जं देतो, त्यात साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात. इथिओपियाच्या साखर कारखान्यांना असंच ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं गेलं; काम वर्षानुवर्षं रखडलं. जपानकडून आपण घेतो त्या 'स्टेप' कर्जांतही जपानी खरेदीची अट असते, ती ३० टक्क्यांची. जेएनपीटीहून दादरीला जाणारी मालवाहतूक मार्गिका त्याच पैशातली, आणि तिचा जेएनपीटी ते वैतरणा हा आपल्याच राज्यातला टप्पा सगळ्यांत मागे पडला. जपानी अटींवर नाक मुरडणाऱ्यांनी आपल्या अटींचा आकडा एकदा पाहावा. ब्रिटनने तर मलेशियाच्या पेर्गाव धरणाला २३.४ कोटी पौंड दिले ते शस्त्रविक्रीच्या सौद्याशी जोडून; १९९४ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं आणि २००२ च्या कायद्याने असली बांधील मदतच बंद झाली. आपल्याकडे परदेशी विकासमदतीसाठी असा कायदाच नाही, त्यामुळे न्यायालयात जायचं तर कशाच्या आधारावर?

६. यावर उत्तर ठरलेलं असतं: आधी आपलं घर बघा, मग आफ्रिका. आपल्या घराकडे बघूनच मी हे म्हणतो आहे. लासलगावच्या शेतकऱ्याला विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात सरळ निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी मागे. या मधल्या काळात बांगलादेशातल्या गिऱ्हाइकाने दुसरीकडे पाहिलं तर त्याला दोष कसा द्यायचा? बाहेरच्या व्यापाऱ्याला दिलेला शब्द न पाळणारं सरकार घरच्या शेतकऱ्याला दिलेला शब्द पाळेल, या समजुतीला निदान कांदा आणि तुरीच्या इतिहासात आधार सापडत नाही.

आयात बेलाशक खुली ठेवा, असंही मी म्हणत नाही. शुल्क लावा. पण ते ज्याच्या त्याला आधी कळू द्या.

७. म्हणून मागण्या तीन आहेत.

एक: तूर आणि कापसाच्या आयातीचं धोरण आपल्या खरिपाच्या पेरणीआधी, म्हणजे मे अखेरीस, जाहीर व्हावं आणि ते पुढची काढणी संपेपर्यंत बदलू नये. मोझांबिक आणि मलावीच्या तुरीला सप्टेंबर ते नोव्हेंबर ही खिडकी ठरवून द्यावी. लातूर-अकोल्याचा भाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप लागू व्हावं आणि वर आला की आपोआप उतरावं. दिल्लीतल्या टेबलावर फाइल फिरायची वाट बघू नये.

दोन: एक्झिम बँकेच्या प्रत्येक कर्जामागचं काम कुठवर आलं, कोणत्या कंपनीला मिळालं, किती वर्षं उशीर झाला, हे एका जागी, वर्षातून एकदा, लोकांसमोर यावं.

तीन: ज्या देशाला व्यापारवाढीसाठी मदत दिली, त्याच्या मालावर बंधन घालणारी अधिसूचना काढताना वाणिज्य मंत्रालयाने परराष्ट्र मंत्रालयाच्या विकास भागीदारी विभागाला आधी विचारावं आणि त्याचं उत्तर संसदेच्या पटलावर ठेवावं. २०१२ पासून हा विभाग आहे. मदत तो देतो, फाटक दुसरंच खातं बंद करतं, आणि या दोघांची गाठ कुठे पडते ते कळत नाही. परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती दरवर्षी अनुदानाच्या मागण्या तपासते. मराठवाडा-विदर्भातल्या खासदारांनी तिथे पहिला प्रश्न २०१७ च्या ऑगस्टबद्दल विचारावा: ती मर्यादा घालण्याआधी मापुतोशी कोण बोललं होतं, आणि लातूरशी कोण?