तो गोल होता ना?

गेल्या हिवाळ्यात रायपूरला आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत आमचा उपांत्य सामना होता. आम्ही 1-0 ने पुढे होतो आणि खेळ संपायला जेमतेम दोन मिनिटे उरली होती. कॉर्नरवरून आलेला चेंडू समोरच्या मुलाने डोक्याने मारला. आमचा गोलरक्षक खाली पडलेला, गोलरेषेवर मी एकटा. चेंडू माझ्या डोक्यावरून आत जात होता. मी हात वर केला आणि तो बाहेर ढकलला.

पंचांनी मला लाल कार्ड दाखवले आणि त्यांना पेनल्टी दिली. त्यांच्या खेळाडूने मारलेला चेंडू खांबाला लागून परत आला. आम्ही जिंकलो. "वाचवलंस रे!" म्हणत मुलांनी मला खांद्यावर घेतले. आमचे घर रायपूरलाच असल्यामुळे बाबा सामना पाहायला आले होते. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "तो गोल होता ना रे?"

मी म्हणालो, "हो, पण मला शिक्षा झाली ना."

तेव्हा हे उत्तर मला पुरेसे वाटले होते. आज वाटत नाही.

मित्रांनो, 2010 च्या विश्वचषकात नेमके असेच घडले होते. उरुग्वे आणि घाना यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात, जादा वेळेच्या अगदी शेवटी, लुइस सुआरेझने गोलरेषेवर चेंडू हाताने अडवला. त्याला लाल कार्ड मिळाले, पण असामोआ ग्यानची पेनल्टी आडव्या खांबाला लागली. 1-1 अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये उरुग्वे 4-2 ने जिंकला. तोपर्यंत आफ्रिकेतला एकही देश विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला नव्हता. पंचांनी नियम अचूक पाळला, तरी घानाचा गोल गेला तो गेलाच.

माझे म्हणणे असे आहे की फाउल करणाऱ्याला शिक्षा करणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला शिक्षा झाली, पण समोरच्या संघाला भरपाई मिळाली नाही. त्यांचा झालेला गोल काढून घेऊन त्यांना फक्त गोल करण्याची एक संधी मिळाली.

दुसऱ्या खेळांत हा विचार झालेला दिसतो. बास्केटबॉलमध्ये रिंगकडे खाली येणारा चेंडू बचाव करणाऱ्याने अडवला, तर बास्केट झाली असे धरून गुण देतात. रग्बी युनियनमध्ये फाउल झाला नसता तर बहुधा ट्राय झाली असती, असे पंचांना वाटले की ते थेट पेनल्टी ट्राय देतात. तिचे 7 गुण. आपल्या खो-खोमध्येही फाउल करून गडी टिपला, तर तो बाद धरत नाहीत. फाउलमधून झालेला फायदा तिथल्या तिथे काढून घेतला जातो.

हॉकीचे उदाहरण तर रायपूरचेच आहे. डिसेंबर 2015 मध्ये येथील सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमवर भारत आणि नेदरलँड्स यांच्यात हॉकी वर्ल्ड लीगच्या कांस्यपदकाचा सामना झाला. 5-5 अशी बरोबरी झाल्यावर भारत शूटआउटमध्ये 3-2 ने जिंकला. या शूटआउटमध्ये खेळाडूला गोल करायला 8 सेकंद मिळतात. गोलरक्षकाकडून नकळत फाउल झाला तर तो प्रयत्न पुन्हा घेतात, आणि त्याने मुद्दाम केला तर पेनल्टी स्ट्रोक देतात. चूक आणि लबाडी यांना नियम एकाच मापाने मोजत नाही.

काही मित्र म्हणतात, "चेंडू आत गेलाच असता, हे पंच कसे ठरवणार?" शंका रास्त आहे. म्हणून मी प्रत्येक हँडबॉलबद्दल बोलत नाही. गोलरक्षकाशिवाय दुसऱ्या खेळाडूने, आत जाणारा चेंडू रेषेवर मुद्दाम हाताने अडवला, तेवढ्यापुरतेच माझे म्हणणे आहे. पंचांना शंका असेल तर आहे तोच नियम लावावा, म्हणजे पेनल्टी आणि लाल कार्ड. शंका नसेल तर गोल द्यावा.

जगाचे नियम आपण बदलू शकत नाही. पण आंतर-हाऊस सामने आपल्या शाळेचेच असतात. दोन्ही कप्तानांनी आणि क्रीडा शिक्षकांनी सामन्याआधी ठरवले, तर एवढा एक नियम आपण लावून पाहू शकतो. आणि तसे ठरेपर्यंत, हाताने गोल अडवणाऱ्याला निदान खांद्यावर तरी घेऊ नये.

हा नियम आला, तर तोटा माझ्यासारख्या बचावपटूचाच आहे. तरीही तो यावा असे मला वाटते. बाबांना मी दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण ते त्यांच्या प्रश्नाचे उत्तरही नव्हते.