शिष्यवृत्ती शुल्काची, प्रश्न मुक्कामाचा

'मुन्नाभाई एमबीबीएस' (२००३) आणि 'थ्री इडियट्स' (२००९) या चित्रपटांचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी हे नागपूरचे, याचा या शहराला सार्थ अभिमान आहे. मात्र, या यशातील एक तपशील सहसा मागे राहतो. वडील नागपुरात टंकलेखन संस्था चालवीत. हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकले आणि शिष्यवृत्ती मिळाल्याने त्या शिक्षणाचा भार वडिलांवर पडला नाही.

तशाच घरातील मुलाला वा मुलीला आज कोणता आधार आहे? केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. दरमहा ५ हजार रुपये, दोन वर्षे आणि संपूर्ण देशासाठी ४०० जागा, असे तिचे स्वरूप. तिचा भर शास्त्रीय संगीत, नृत्य, नाट्य, चित्रकला व लोककलांवर आहे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. पण अभ्यासक्रम संपला की तीही संपते.

खरी अडचण तेथूनच सुरू होते. नागपुरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालय आहे. 'झुंड' (२०२२) या चित्रपटाने येथील वस्त्यांमधील मुलांची गुणवत्ताही देशाला दाखविली. परंतु चित्रपट, जाहिरात आणि अॅनिमेशनमधील बहुतांश काम मुंबईत आहे. तेथे सुरुवात होते ती सहायक म्हणून, तुटपुंज्या व अनियमित मोबदल्यावर. मुंबईकर तरुण हा काळ आईवडिलांच्या घरी राहून काढू शकतो. आठशेहून अधिक किलोमीटरवरून आलेल्या नागपूरकराला पहिल्या महिन्यापासून घरभाडे द्यावे लागते. अनेकदा या क्षेत्रात कोण टिकणार हे गुणवत्तेपेक्षा मुक्कामाच्या खर्चावरच ठरते.

शासनाला ही गोष्ट अपरिचित नाही. नागपुरातच मुख्यालय असलेली 'महाज्योती' ही संस्था इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या तयारीसाठी विद्यावेतन देते. प्रशासकीय सेवेसाठी जो निर्वाहखर्च न्याय्य ठरतो, तो कलेच्या व्यवसायासाठी अनाठायी कसा?

शासकीय पैशावर शिकून मुले मुंबईला जाणार, हा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर पूर्व विदर्भातच आहे. वडशाला केंद्रस्थानी ठेवून चालणारी झाडीपट्टी रंगभूमी तिकीटविक्रीवर जगते, कलावंतांना हंगामभर रोजगार देते. प्रकाशयोजना, ध्वनी वा नेपथ्याचे उमेदवारीचे वर्ष तेथे काढणाऱ्यालाही विद्यावेतन का मिळू नये?

राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये अॅनिमेशन, दृश्य परिणाम व गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. उद्योगांना सवलती देताना मुंबई-पुण्याबाहेरील उमेदवारांच्या पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची तरतूद त्यात झाली, तरच या धोरणाचा लाभ विदर्भापर्यंत पोहोचेल. अन्यथा नागपूरची गुणवत्ता परतीच्या गाडीत बसलेली दिसेल.